अप्पांचं खाकरणं आन साहेबांचा दुसरा डोळा

राजकारणी माणूस समाजसेवेला लागला असं म्हणलं की तुमच्या डोक्यात काय काय येतं ते मला माहिती हाय. ट्रस्ट काढला असंल. जमीन लाटली असंल. कसली तरी चौकशी मागं लागली म्हणून गोशाळा उघडली असंल. शेवटी टीव्हीवाले येतील, साहेब तोंडावर रुमाल धरून गाडीत बसतील, आन मी, म्हणजे त्यांच्या जवळचा पोरगा, सगळं उघडं पाडीन. तर तसलं ह्यात काहीच न्हाई. गॅसवर चहा ठेवला असंल तर निवांत जाऊन बघून या, तुमचं काही चुकणार न्हाई. ह्यात एक डोळा हाय, चार भोंगे हायत, आन शेवटी मला बसलेली बोलणी हायत. बोलणी मात्र चांगली हायत, तेवढ्यासाठी तरी थांबा.

आमचे साहेब एकदाच आमदार झाले. कुठले ते सांगत न्हाई. नांदेड आन लातूरच्या मधला एक पट्टा धरून चाला. नाव लिहिलं तर दोन्ही गटाची पोरं जाब इचारायला घरी येतील, आन आमच्या घरी खुर्च्या कमी हायत.

साहेब ज्या दिवशी निवडून आले त्याच दिवशी त्यांचा डोळा गेला. आमच्याकडं निकाल लागला की मुठीनं गुलाल उधळायचा जमाना आता गेला. आता जेसीबी लावतात. जेसीबीच्या बकेटात पोतीच्या पोती गुलाल ओतायचा, बकेट आभाळाला लावायचं, आन खालून साहेबांची उघडी जीप गेली की रिकामं करायचं. साहेब जीपमधी हात जोडून, तोंड वर करून, डोळे सताड उघडे ठेवून उभे होते, कारण फोटोवाला म्हणला होता की साहेब डोळे मिटू नका, फोटो खराब येतो. फोटो लई भारी आला. उजवा डोळा तेवढा गेला. गुलालात काय कालवलं होतं देव जाणे, पण त्या डोळ्यावर सारा पडदा आला, दुधावर साय येती तसा.

पुढची पाच वर्षं साहेब काळा गॉगल लावून फिरले. लोकांनी म्हणायला सुरुवात केली की बगा, आमदार झाला आन माणूस बदलला, ओळखच दाखवीत न्हाई. त्या बिचाऱ्याला दिसतच नव्हतं. उजवीकडून ज्यानं ज्यानं नमस्कार घातला आन उत्तर मिळालं न्हाई, तो तो माणूस अप्पांच्या गटात गेला. अप्पा म्हणजे आमच्या पट्ट्यातले दुसरे पुढारी. पुढच्या निवडणुकीत अप्पांनी साहेबांना असं पाडलं की साहेबांच्या गल्लीतसुद्धा अप्पांचे फटाके वाजले.

पडल्यावर मोकळा वेळ मिळाला म्हणून साहेब हैदराबादला गेले आन डोळा बसवून आले. अख्खा डोळा न्हाई, फक्त पुढची काच बदलतात, असं साहेब दर भाषणात समजावून सांगतात. पण आमच्याकडं डोळा बसवला असंच म्हणतात, बोअरला मोटर बसवली तसं. पट्टी सुटल्यावर साहेबांनी पहिलं काय इचारलं असंल, तर डोळा कोणाचा हाय. डॉक्टर म्हणले ते सांगत नसतात. साहेब म्हणले, अहो एक हार तरी घालून येतो घरी. डॉक्टर म्हणले न्हाई. आता साहेबांचा सारा जन्म सत्कारात गेलेला. आमच्याकडं माणसानं शाळेला एक पंखा दिला तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर आपलं नाव टाकून देतो. आन हितं कोणी तरी मरताना डोळे देऊन गेलं आन नावसुद्धा ठेवलं न्हाई. हे साहेबांच्या मनाला असं लागलं की गावात येऊन त्यांनी सांगून टाकलं, आता निवडणूक बंद, आता नेत्रदान.

तव्हापासून साहेबांना एक खोड लागली. नवीन माणूस समोर आला की ते आधी उजवा डोळा झाकून त्याला बघतात, मग डावा झाकून बघतात. आधी माझ्या डोळ्यानं बघतो, मग त्या देणाऱ्याच्या, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा भेटणाऱ्या बायकांना वाटतं म्हातारा डोळा मारून राहिला.

माणूस बदलला पण सवयी कुठं बदलतात. नेत्रदानाचं भाषण साहेब ‘माझ्या मतदार बंधू-भगिनींनो’ म्हणूनच सुरू करायचे. लग्नात गेले की नवरा-नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून म्हणायचे, शंभर वर्षं जगा आन मग डोळे द्या. नवरीची माय कडाकडा बोटं मोडायची. कोणी आजारी असलं की आधी मत मागायला जायचे तसेच आता भेटायला जायचे, आन त्याचा असा बोभाटा झाला की साहेबांची पांढरी गाडी ज्या दारात थांबली त्या घरातलं माणूस काही राहत न्हाई. मुदखेडकडचा एक म्हातारा महिनाभर खाटंवर पडून होता. खिडकीतून त्यानं साहेबांची गाडी बघितली, ताडकन उठला, धोतर सावरलं आन मागच्या दारानं शेतात गेला. अजून शेतातच हाय. ठणठणीत. साहेब आम्हाला म्हणायचे, हेबी एक पुण्याचंच काम झालं.

कार्यकर्त्यांनी तर कहर केला. त्यांना एकच बॅनर येतो, ‘भावी आमदार’वाला. साहेबांनी सांगितलं ज्यांनी संकल्प केला त्यांचा सन्मान करा. पोरांनी बसस्टँडवर मोठा बॅनर लावला. वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली गोल गोल चौकटीत संकल्पवाल्यांचे फोटो, मोठ्या अक्षरात ‘भावी नेत्रदाते’, आन फोटोला हार नको का, म्हणून डिझाइनवाल्यानं प्रत्येकाला झेंडूचा हार काढून दिला. सकाळी बसस्टँडवर रडारड. एका भावी नेत्रदात्याची बहीण उमरीवरून टाहो फोडत आली, आन तिला चहा आणून द्यायला गेला तोच तिचा भाऊ.

मी ह्या सगळ्यात शिरलो ते माझ्या तोंडामुळं. मी अर्धापूरकडचा. केळीच्या गाड्या भरायला येणाऱ्या ड्रायव्हरांच्या नकला करत मोठा झालो. पंजाबी ड्रायव्हर, तेलुगू ड्रायव्हर, वजनकाट्यावर भांडणारा व्यापारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले सगळे गुरुजी. एका गुरुजींनी तर मला हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी द्यायला लावली होती आन घरी निघून गेले होते. नांदेडला कॉलेजात गेलो तव्हा गॅदरिंगला साहेबांची नक्कल ठरलेली असायची. एका वर्षी नक्कल चालू असताना पोरं हसायची थांबली. मला वाटलं माझा आवाज बसला. मागं बघितलं तर साहेब. प्राचार्यांनी त्यांनाच पाहुणे म्हणून आणलं होतं आन मला कोणी सांगितलं न्हाई. साहेबांनी मला एका डोळ्यानं बघितलं, मग दुसऱ्यानं, आन म्हणले, उद्या घरी ये.

मी माफी पाठ करून गेलो. पण त्यांचं काम वेगळंच होतं. वीस वर्षं भाषणं ठोकून त्यांचा घसा गेला होता. दोन वाक्यांनंतर नुसती हवा यायची. त्यांना त्यांचा आवाज पाहिजे होता, आन तो माझ्याकडं होता. रिक्षाला भोंगा बांधून गावोगाव नेत्रदानाची हाळी द्यायची, त्यांच्या आवाजात. एकच अट घातली. बोलायच्या आधी दरवेळी म्हणायचं, हा आवाज साहेबांचा न्हाई, साहेबांसारखा हाय. मी म्हणलं साहेब, ह्यानं सारी मजा जाती, जादूगार काय आधी कबुतर दाखवतो का. साहेब म्हणले, ज्याला मजा पाहिजे त्यानं सर्कशीत जावं. तर मी आपला गावाच्या शिवेवर ते वाक्य भराभर म्हणून टाकायचो, साबणाच्या जाहिरातीत शेवटी अटी म्हणतात तसं, आन मग गावात शिरायचो.

रिक्षा, भोंगे आन मांडव सगळं एका चाचांचं होतं. तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या लाऊडस्पीकरचं काम ह्यांच्याच घरात. साहेबांच्या सभेलाबी तेच, अप्पांच्या सभेलाबी तेच. आमच्या पट्ट्यात दोन्ही गटाला सामाईक असा हा एकटाच माणूस. बाकी सगळं दोन दोन. दूध डेअरी दोन, गणपती दोन, कटिंगची दुकानं दोन. साहेबांच्या गटाचा माणूस अप्पांच्या गटाच्या न्हाव्याकडं मान देत न्हाई, उगी वस्तऱ्याचा काय भरवसा.

आन हितंच सगळं अडून राहिलं होतं. नेत्रदान साहेबांनी आणलं, म्हणून ते साहेबांच्या गटाचं झालं. अप्पांच्या गावांतून एक माणूस पुढं येईना. माझे सख्खे मामा अप्पांचे कट्टर. त्यांना मी एकदा बांधावर बसवून नेत्रदान समजावून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आन म्हणले, “मी मेलो समज. माझा डोळा तुम्ही नेला आन बसवला साहेबाच्या गटाच्या माणसाला. आता तो मतदानाला गेला, तर माझ्या डोळ्यानं बघून तो बटण कोणाचं दाबंल? म्हणजे मी मेल्यावर माझ्याच डोळ्यानं अप्पा पडायचे. हे मला न्हाई चालायचं.”

मी लई हसलो. साहेबांना येऊन सांगितलं तर साहेब हसले न्हाईत. कारण त्याच हप्त्यात ते अप्पांच्या एका वाडीवर जाऊन आले होते. तिथली एक म्हातारी वारली. तिची पोरं डोळे द्यायला तयार होती, पण भावकी म्हणली आधी अप्पांना इचारा. अप्पा लग्नाला लांब गेलेले, फोन लागेना. डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन अंगणात उभे, साहेब ओट्यावर बसलेले. मेल्यावर काही तासांतच डोळे काढावे लागतात. ते तास गेले आन पेटी रिकामी परत आली. तिकडं उमरीची एक शाळेतली पोरगी कधीची नंबर लागायची वाट बघत होती. ती साहेबांना फोन करायची, आजोबा आलं का हो काही. साहेब त्या दिवशी तिला काय बोलले मला माहीत न्हाई, फोन घेऊन ते गोठ्याकडं गेले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब अप्पांच्या घरी गेले. हे आमच्याकडं किती मोठं हाय ते तुम्हाला कळायचं न्हाई. पडल्यापासून त्यांनी त्या घरचं पाणी पिलं नव्हतं. त्या दिवशी चहा पिला, तोबी बशीत ओतून. अप्पांना म्हणले, माझ्या नेत्रदानाच्या कार्यक्रमाला या आन लोकांना एवढं सांगा की डोळ्याला गट नसतो. अप्पा म्हणले, येतो. बोलायचं काय ते आल्यावर बगतो. शब्द देत न्हाई.

कार्यक्रम मार्केट कमिटीच्या मैदानात ठेवला. साहेबांनी मला आदल्या दिवशी दोनदा बजावलं, अप्पा एका शब्दानं फिरणारा माणूस हाय, त्यांना खटकंल असं काही करू नकोस, ते माघारी गेले तर ती गावं आपल्यासाठी कायमची गेली. मी मान डोलवून हाव म्हणलं. मी हाव लगेच म्हणतो.

मांडवात लोक लग्नातल्यासारखे बसले. डावीकडं साहेबांचा गट, उजवीकडं अप्पांचा, मधी वाट. अप्पांची माणसं हाताची घडी घालून बसली होती, मामा पहिल्याच रांगेत. अप्पांनी यायला सांगितलं म्हणून आलोत, बाकी आमचं काही देणं-घेणं न्हाई, असं त्यांचं तोंड. अप्पांचा पत्ता न्हाई. गणेशवंदना झाली, दीपप्रज्वलन झालं, वाऱ्यानं दिवा इझला, परत झालं. सूत्रसंचालकाचे शेर संपले. साहेब हार घेऊन गेटवर जाऊन उभे राहिले. गेटचा भोंगा शिट्टी मारत होता म्हणून चाचाबी वायर घेऊन तिकडं गेले, आन जाताना बिनवायरीचा माइक माझ्या हातात देऊन म्हणले, पब्लिक को थोडा संभाल.

मी स्टेजच्या मागं, मोठ्या बॅनरच्या आड, साऊंडच्या पेट्यांजवळ उभा होतो. तिथूनच सुरू केलं. आधी कोंबडा केला. मग मुदखेड जंक्शनवरची अनाउन्समेंट केली, गाडी उशिरा धावत असल्याबद्दलची, आन मालगाडी काढली, डब्या-डब्यानं. साहेबांची बाजू खदाखदा हसली. अप्पांची बाजू गप. हसणं हेबी साहेबांच्या गटाचं झालं की काय. नकल्या माणसाला हे सोसत न्हाई. अर्धा मांडव हसून राहिला आन अर्धा तोंड शिवून बसला, म्हणजे अर्धी जिलबी खाऊन ताट काढून नेल्यासारखं होतं.

म्हणून मी खाकरलो.

अप्पांचं खाकरणं साऱ्या पट्ट्यात नावाजलेलं. ते तीन टप्प्यांत येतं. आधी लांबून, थंडीत ट्रॅक्टर सुरू होत न्हाई तसं. मग मधी थांबतं, वाटतं गेलं. आन मग एकदम इंजिन धरतं. मी तीनही टप्पे असे काढले की साऊंडच्या पेटीवर ठेवलेला पाण्याचा ग्लास थरथरला. आन बॅनरच्या फटीतून बघतो तर अप्पांचा सगळा गट उठून उभा. सवयच ती. खाकरणं ऐकलं की उभं राहायचं आन घोषणा द्यायच्या. त्यांना वाटलं अप्पा मागच्या दारानं स्टेजवर आले.

आता ह्या जागी ते वाक्य म्हणायचं होतं, हा आवाज अप्पांचा न्हाई. तोंडात आलंबी होतं. पण शेकडो माणसं तुमच्या एका खाकरण्यावर उभी राहिली की वाक्य परत पोटात जातं. मी अप्पांच्या आवाजात म्हणलं, बसा रे. सगळे बसले. मला तर आमच्या घरचं मांजर म्हणलं तरी बसत न्हाई. मग काय, मी सुटलो. म्हणलं, डोळ्याला गट नसतो. म्हणलं, मी माझे डोळे दिले. ज्यानं ज्यानं मला मत दिलं त्यानं डोळे द्यायला हात वर करावा, एकाचाबी हात खाली दिसला तर रात्री घरी येऊन इचारीन. सगळा उजवा मांडव हातांनी भरून गेला. सगळ्यात आधी मामांचा हात. ज्या मामांना बांधावर बसून मी दोन तास समजावलं होतं, ते मामा हात असा ताणून बसले होते की बंडीची शिवण उसवली.

गेटवर काय झालं ते चाचांनी मला नंतर सांगितलं. अप्पांची गाडी तव्हाच आली होती. साहेब हार घेऊन काचंजवळ गेले, अप्पांनी काच खाली घेतली, आन डोक्यावरच्या भोंग्यातून अप्पाच बोलून राहिले. अप्पांनी आधी भोंग्याकडं बघितलं, मग स्वतःच्या ड्रायव्हरकडं. म्हणले, मी जर हितं हाय तर तितं कोण बोलून राहिलंय. साहेबांना एका शब्दात कळलं. त्यांच्या हातातला हार चाचांच्या गळ्यात पडला, कसा ते चाचांनाबी कळलं न्हाई. अप्पांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली. साहेब म्हणले, “अप्पा, जायचं तर जा. पण आधी मी हे मोडतो, तेवढं ऐकून जा.”

मी बॅनरच्या मागं अजून एक टाळीचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात माइक माझ्या हातातून गेला. साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. सरळ स्टेजवर गेले आन त्यांच्या त्या फाटक्या घशानं बोलले, “आत्ता जो आवाज आला तो अप्पांचा न्हाई. आमच्या पोराचा हाय. अप्पा गेटवर हायत. त्या आवाजाला ज्यांनी हात वर केले त्यांनी खाली घ्यावेत. हे मतदान बाद.”

एवढी माणसं आन आवाज नुसता खुर्च्यांचा. एक एक करून हात खाली गेले, वारं पडल्यावर ज्वारी थांबती तसे. मामांचा मात्र वरच. खाली घ्यावा तर फसलो हे कबूल होतं, वर ठेवावा तर अप्पांशी गद्दारी. शेवटी त्यांनी तो हात सावकाश आपल्या डोक्यावर नेला आन खाजवल्यासारखं केलं. लई वेळ खाजवलं. मला उमरीच्या पोरीचा फोन आठवला, आन साहेब काल दोनदा म्हणले ते आठवलं. कायमची गेली.

तेवढ्यात मधल्या वाटेनं अप्पा आले. गाडी वळवून झाली होती, पण ते उतरले होते. कोणाकडं न बघता स्टेजवर चढले, साहेबांच्या हातातून माइक घेतला, आन खाकरले. खरं खाकरणं. तीनही टप्पे. आन एक माणूस उठला न्हाई. लोक आता दुसऱ्यांदा फसायला तयार नव्हते. पुढचे वाकून बॅनरच्या मागं बघायला लागले, आन पार मागून, रस्त्यावरून, कोणी तरी ओरडलं की बास कर की रे नकल्या. अप्पांच्या साऱ्या जन्मात असं झालं नसंल. ते स्टेजच्या अगदी कडेला आले, टोपी काढली, टकलावर ऊन पाडून दाखवलं आन म्हणले, मीच हाय रे. तव्हा कुठं पहिली रांग उठली, तीबी मामांनी त्यांच्या पायातला जोडा ओळखला म्हणून.

अप्पांनी टोपी परत घातली आन म्हणले, “मी ठरवून आलो होतो की हार घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आन डोळ्याचा इषयच काढायचा न्हाई. पण आत्ता ह्या माणसाच्या पदरात माझा सारा गट आयता पडला होता. हा गप बसला असता तर कोणाच्या बापाला कळलं असतं? आलेलं मत परत देणारा पुढारी मी पाहिला न्हाई. मी तर मेलो तरी देत न्हाई.” दोन्ही बाजू हसल्या. पहिल्यांदाच एकदम. “माझे डोळे लिहून घ्या. ह्यांच्या गटाच्या माणसाला बसले तरी चालतील. फक्त त्याला सांगा, एकदा आमच्या वाडीचा रस्ता बघून ये म्हणावं. ह्या साहेबाला पाच वर्षांत तो दिसला न्हाई.”

ह्यावर सगळ्यात मोठ्यानं साहेब हसले, घशातून नुसती हवा काढत. अप्पांनी हात वर करा असं म्हणलंच न्हाई. म्हणले, ज्याचा त्यानं इचार करा, घरी बायकोला इचारा. तरी हात यायला लागले, आधीपेक्षा कमी, पण सावकाश, एकमेकांकडं न बघता. मामांनी दोन्ही हात वर केले. एका हाताचा एक डोळा, असा त्यांचा हिशोब होता.

मला वाटलं आता आपल्याला कोणी तरी शाल घालणार. शेवटी सगळं जमलं ते कोणामुळं? मी बॅनरमागून छाती काढून बाहेर आलो. पहिले चाचा भेटले, गळ्यात अजून तो हार. माझ्या हाताला हात न लावता म्हणले, “बेटा, मेरे माइक पे दोनों पार्टी भरोसा करते. उसकू झूट बोलने की आदत नक्को लगा.” मग अप्पा गाडीत बसता बसता थांबले. मला वाटलं पाठ थोपटतील. ते म्हणले, माझं खाकरणं असं न्हाई, आन नाराजीनं खाकरले. तंतोतंत तसंच होतं. मी गप बसलो, हे माझ्या आयुष्यातलं एक मोठं काम समजतो.

साहेब शेवटी आले. पोरं सतरंज्या गुंडाळून राहिली होती. साहेब एका उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर बसले आन मला समोर उभं केलं. मी आपणहूनच म्हणलं, पण साहेब, जमलं की.

“जमवलं ते अप्पांनी. तू तर घालवलंच होतंस. गाडी वळलेली मी बघितली. आज रात्री त्या पोरीचा फोन आला असता तर काय सांगितलं असतं मी तिला? की आमच्याकडच्या एका पोराला टाळ्या कमी पडल्या म्हणून थांब अजून?”

मी म्हणलं, चुकून झालं साहेब, वाक्य राहून गेलं.

“राहून गेलं न्हाई, तू गिळलंस. तुझा गळा चांगला हाय म्हणून दुसऱ्याचं तोंड तुझं झालं न्हाई. मेल्या माणसाचा डोळासुद्धा आपण इचारल्याशिवाय घेत न्हाई, आन तू जित्या माणसाचा शब्द घेतलास, तेबी तो गेटवर उभा असताना. मीबी लई लबाड्या केल्या हायत, मला शिकवू नकोस लबाडी कशी असती ते. एक वाक्य होतं. एवढुसं. ते बोलायला तुझं काय जात होतं?”

माझं काहीच जात नव्हतं. मान खाली घालून उभा राहिलो. साहेबांनी हनुवटीला बोट लावून माझं तोंड वर केलं. उजवा डोळा झाकला, निरखून बघितलं. मग डावा झाकला, आन त्याहून जास्त येळ बघितलं.

“माझ्या डोळ्यानं बघितलं तर तू गाढव दिसायलास,” साहेब म्हणले. “म्हणलं आपला डोळा जुना झालाय, चुकत असंल. म्हणून दुसऱ्यानं बघितलं. तो माणूस कोण होता मला माहीत न्हाई, कुठल्या गटाचा होता तेबी माहीत न्हाई. पण त्यालाबी तू गाढवच दिसायलास.”